चिनी गोंगबी पद्धतीने पिओनी रंगवताना

गोंगबी म्हणजे चिनी फुलचित्रांतली बारीक कामाची पद्धत. आधी शाईची रेघ, मग पातळ रंगाचे थर. पिओनीच्या एका फुलाला मला आठ थर द्यावे लागले. रंगवण्यापेक्षा वाळण्याची वाट बघण्यातच जास्त वेळ जातो, आणि ही वाट बघावीच लागते.

कागद शुआन. तो मूळचा आन्हुई प्रांतातला, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्याचा. कच्चा शुआन टिपकागदासारखा रंग पितो, म्हणून गोंगबीला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेला पक्का कागद लागतो. हा कागद जुना झाला किंवा दमट हवेत राहिला की सरस-तुरटीचा थर जागोजागी जातो आणि तिथे रंगाचे गडद ठिपके उमटतात. फिक्या पहिल्या थरात ते जाणवत नाहीत. माझा एक ताव तिसऱ्या थराला असाच वाया गेला. आता आधी कोपऱ्यावर ओला ब्रश फिरवून कागद उजेडासमोर धरते. ठिपके दिसले तर पुन्हा सरस-तुरटीचा हात. जुनं प्रमाण असं: उन्हाळ्यात सरस सात भाग, तुरटी तीन, थंडीत सरस दहा, तुरटी तीनच. तुरटी जास्त झाली तर कागद कडक होऊन चकाकतो आणि रंग नीट बसत नाही.

कच्चं रेखाटन खाली ठेवून रेघा काढायच्या, पाकळ्यांना फिक्या शाईने, पानांना गडद. शाईची कांडी दगडावर उगाळून घ्यावी. बाटलीतल्या काही शाया वाळल्यावरही पाणी लागताच पसरतात. पिओनीचं पान तीन फाट्यांचं, नऊ टोकांचं. हे चुकलं तर फूल कितीही छान उतरो, झाड पिओनीचं वाटत नाही.

आता खरं काम. एकाच हातात दोन ब्रश: एक रंगाचा, दुसरा नुसत्या पाण्याचा. पाकळीच्या मुळाशी साधारण एक तृतीयांश भागात रंग लावायचा, बोटांतच ब्रश फिरवून पाण्याचा पुढे आणायचा आणि रंग ओला आहे तोवर त्याच्या कडेवरून बाहेर ओढत न्यायचा. कड कुठे संपली ते दिसता कामा नये. ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर ते रंगाला मागे ढकलतं आणि वाळल्यावर कडेला रेघ राहते. फार कोरडा असेल तर ओरखडे उठतात. फडक्यावर टेकवल्यावर टोक अणकुचीदार राहावं, पण थेंब लोंबू नये, एवढंच पाणी हवं. थर ओलसर असताना पुढचा दिला तर खालचा उचलला जातो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत दिवसाला दोनच थर धरावेत.

पानांना आधी शाई मिसळलेली निळीची छटा, शिरेलगत केसाएवढी कोरी फट सोडून. मग त्यावर गॅम्बोज (झाडाच्या चिकापासूनचा पिवळा रंग) आणि निळीचा हिरवा हात. गॅम्बोज विषारी आहे, टोक काढायला ब्रश तोंडात कधीच धरू नये.

पुंकेसर सगळ्यात शेवटी. पांढऱ्यात गॅम्बोज, दह्याएवढं घट्ट, एकेक ठिपका टेकवून उचलायचा. वाळल्यावर त्याचा उंचवटा बोटाला जाणवला पाहिजे.