कल्चर खरं होतं, ताण मोडला होता

"भाऊ, झाडं तं हिरवीगार झाली, पण फूलच नाही. कल्चर डुप्लिकेट तं नसंल?" पाचोरा भागातल्या एका मोसंबीवाल्याचा हा फोन फेब्रुवारीतला. कल्चर म्हणजे जिवाणू खत.

बाग रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली, जमीन भारी काळी. आंब्या बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलासाठी, डिसेंबरात पाणी तोडलेलं. मधेच अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही दोन कल्चर सोडली, आणि ओल नसली तर जिवाणू मरतील म्हणून रोज अर्धा तास ठिबक चालवलं. ओलीचं म्हणणं बरोबर, वेळ चुकीची. पालवी लसलशीत, कळी एक नाही.

मोसंबीला फूल आणतो तो ताण, म्हणजे पाणी तोडून झाडाला दिलेली विश्रांती. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो, पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून चुनखडीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतो. आपल्याकडे जमिनीचा सामू (pH) आठच्या वर, तिथे हे मोलाचंच. पण ताणाचं काम ते करत नाहीत.

आंब्या गेला, मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचं फूल) धरला. एप्रिलअखेर पाणी बंद. भारी जमिनीत ओल खाली टिकते, म्हणून दिवस न मोजता पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत थांबलो. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, त्यामुळे कल्चरची पाकिटं पत्र्याच्या शेडमधून काढून घरात माठाजवळ ठेवायला लावली.

पावसाआधी आठवडाभर सावलीत ढीग लावला. झाडाला प्रत्येकी 100 ग्रॅम, म्हणजे 20 झाडांना 100 किलो कुजलेल्या शेणखतात दोन्ही कल्चर 2-2 किलो. वर गूळपाणी आणि ओलं गोणपाट, मधे दोनदा खालीवर. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये. आंबूस वास आला तर हवा कोंडलीय, लगेच उकरायचं.

जमीन भिजल्यावर फांद्यांच्या घेराखाली चार बोटं खोल टाकून मातीआड केलं. खोडाशी नाही, तिथे खाणाऱ्या मुळ्या कमी आणि ओलं शेणखत टेकलं की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण. डिंक्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांबंयुक्त औषधाचं ड्रेंचिंग (मुळाशी द्रावण ओतणं) असेल तर दहा दिवसांचं अंतर हवंच, तांबं जिवाणूंनाही मारतं. रासायनिक खतही त्याच दिवशी नको.

दोन ओळी मुद्दाम कल्चरविना ठेवल्या होत्या. फूल दोन्हीकडे आलं. "मंग कल्चरनं काय केलं?" मालकांचा रास्त सवाल. दोन्हीकडे खुरप्याने टोकरलं: कल्चरवाल्या झाडाखाली पांढऱ्या तंतुमुळ्यांचं जाळं, दुसरीकडे ती विरळ. फळाचं वजन तोडणीला कळेल. पुढच्या खेपेला कल्चर ताण सोडतानाच्या पहिल्या पाण्यासोबत, त्याआधी नाही.