वार्षिक प्रदर्शनाच्या आधीचे बारा दिवस

रविवार. उद्घाटनाला बारा दिवस.

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाचं निमंत्रण छापून आलं की चित्रकला, शिल्प, मुद्राचित्रण, सिरॅमिक, वस्त्रकला, धातुकाम आणि व्हिडिओ या सगळ्यांसाठी तारीख एकच पडते. माध्यमं मात्र त्या तारखेला जुमानत नाहीत. म्हणून आज भिंतीवर दिनदर्शिका लावून उलटी मोजणी केली, प्रत्येक माध्यमाची वेगळी.

सगळ्यात घाई सिरॅमिकची. ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, भट्टी चढायला दहाबारा तास लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. मातीतला क्वार्ट्‌झ ५७३ अंश सेल्सिअसला आकार बदलतो, चढताना आणि उतरतानाही, त्यामुळे त्या टप्प्यावर गडबड चालत नाही. २०० अंशांवर अधीर होऊन झाकण उघडलं की गार हवा आत शिरते आणि टणकन आवाज येतो. तो आवाज म्हणजे तडा. १०० च्या खाली आल्याशिवाय भट्टीला हात लावायचा नाही. एखादी भट्टी बिघडेल हे धरूनच चालायचं, म्हणजे शेवटचं ग्लेझ उद्यापर्यंत आत गेलं पाहिजे. तरच दुसऱ्या खेपेला जागा उरते.

फायबरच्या शिल्पांनाही हाच आठवडा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के घालतात. उशीर झालेला विद्यार्थी चारपाच टक्के ओततो. मग रेझिन तापतं, आकसतं, पातळ जागी फुटतं. नीट जमलेल्या कामालाही रेझिनमधल्या स्टायरीनचा वास काही दिवस येत राहतो. बंद दालनात ते शिल्प ठेवलं तर प्रेक्षक पाच मिनिटं थांबत नाही.

तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. अंबरसारखे मातकट रंग दोनतीन दिवसांत हाताला लागेनासे होतात. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन आठवडाभर ओले राहू शकतात आणि सुरीने दिलेला जाड थर आतून कित्येक महिने मऊ असतो. भिंतीवर लावायला हरकत नाही. पण अंतिम वार्निश आत्ता अजिबात नको, त्याला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. फार निस्तेज डाग पडले असतील तर रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वार्निशचा, पातळ हात पुरतो.

मंगळवार. दहा दिवस.

आज भिंती. जुन्या दगडी इमारतीत चुन्याचा गिलावा असतो. खिळा ठोकला की मूठभर गिलावा खाली आणि खिळा सैल. ड्रिल करून गिट्टी आणि स्क्रू घातला तरी भरवसा नाही, आणि वारसा इमारतीत भोक पाडायची परवानगीच नसते. म्हणून वरच्या पट्टीवरून साखळी किंवा वायर सोडायची, नाहीतर आठ बाय चार फुटी प्लायचे पॅनेल उभे करायचे. पॅनेलला इमल्शनचा शेवटचा हात मांडणीच्या किमान दोन दिवस आधी. काल रंगवलेल्या पॅनेलवर आज फ्रेम टेकवली की चिकटते आणि उतरवताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

मोजमाप कागदावर केलं की शिडीवरचा अर्धा वेळ वाचतो. समजा भिंत ६०० सेंटिमीटर आहे आणि पाच चित्रांची रुंदी ९०, ६०, ७५, ९०, ६०. बेरीज ३७५, उरले २२५. चित्रांमधलं अंतर ३५ धरलं तर चार जागांचे १४० जातात आणि दोन्ही टोकांना साडेबेचाळीस उरतात. टोकाची जागा मधल्यापेक्षा थोडी मोठी असली की रांग श्वास घेते.

उंचीचा हिशेब सोपा आहे, तरी दरवर्षी चुकतो. चित्राची वरची कड नव्हे, मध्य एका रेषेत आणायचा. मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटर. चित्र ९० उंच असेल तर त्याची निम्मी उंची ४५, आणि मागची वायर ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ खाली येते. खिळा १५० अधिक ४५ वजा ८, म्हणजे १८७ वर. वायर ताणूनच मोजायची, ढिली मोजली की प्रत्येक चित्र वेगळ्या उंचीला बसतं. एका खिळ्यापेक्षा दोन बरे, पंख्याच्या वाऱ्याने चित्र तिरकं होत नाही. सुतळीची रेषा आणि पाणसळ दोन्ही हाताशी हवीत, कारण जुन्या इमारतीची फरशी समपातळीत असेलच असं नाही. जिथे फरशीचा उतार नजरेला जाणवतो तिथे पाणसळीपेक्षा डोळ्याचं ऐकावं, हे माझं ठाम मत आहे.

गुरुवार. आठ दिवस.

कागदाचा दिवस. कागदावरच्या कामांना सगळ्यात जास्त जपावं लागतं आणि सगळ्यात कमी जपलं जातं.

मुंबईच्या हवेत कागद सतत ओलावा घेतो आणि सोडतो. चारी बाजूंनी चिकटवलेलं जलरंगचित्र दोन दिवसांत फुगतं, कारण पसरायला त्याला वाटच नसते. वरच्या कडेला दोन बिजागऱ्या पुरतात. पातळ जपानी कागदाचे तुकडे आणि गव्हाच्या पिठाची खळ, बस्स. खळ पुढे कधीही पाण्याने सुटते. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदाच्या आरपार उतरतो. तो डाग निघत नाही. समोर खिडकी कापलेला पुठ्ठा, म्हणजे माउंट, हवाच. तो काचेला कागदापासून दूर ठेवतो, नाहीतर दमट दिवशी रंग काचेला चिकटतो.

कोळसा आणि सॉफ्ट पेस्टलला ॲक्रिलिक शीट लावू नये. ती हलकी आणि स्वस्त पडते, पण पुसली की स्थिर वीज धरते आणि चित्रातली भुकटी स्वतःकडे ओढून घेते. इथे खरी काचच लागते. भुकटी धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह एक हात अंतरावरून, दोनतीन हलके फवारे, प्रत्येकानंतर वाळू द्यायचं. एकाच वेळी भिजवलं तर कोळशाचा मखमली करडेपणा जाऊन डबक्यासारखे डाग उरतात.

मुद्राचित्रांचा एक नियम कसोशीने पाळावा. माउंटची खिडकी प्लेटच्या ठशावर आणायची नाही. एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापताना, प्लेटच्या कडेने कागद दबलेला असतो, तो दाब हा कामाचाच भाग आहे. त्याच्या बाहेर सात-आठ मिलिमीटर आणि खाली सहीपुरती जास्त जागा सोडायची. डावीकडे आवृत्तीचा क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलीने. ३/१० म्हणजे दहातला तिसरा ठसा. दहा छापायचे ठरवून चारच छापले असतील तरी १० लिहिता येतं, पण मग अकरावा कधीही छापायचा नाही. हे विद्यार्थ्यांना छापखान्यातच सांगायला हवं, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाही.

शनिवार. सहा दिवस.

मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावरून जाताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे मान वर करून बघितलं की विद्यार्थ्यांच्या कामाचं एक प्रदर्शन अजून मांडलेलं दिसतं. स्टेशनचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्यावरचे प्राणी, पानंफुलं, लोखंडी जाळ्या यांतलं बरंचसं काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. ती शाळा १८५७ ची. १८६६ ला तिथे सजावटी चित्रकाम, मूर्तिकाम आणि ओतीव नव्हे तर घडीव लोखंडाचं नक्षीकाम अशा तीन कार्यशाळा सुरू झाल्या. म्हणजे वेगवेगळी माध्यमं एका छपराखाली शिकवायची रीत तेव्हापासूनची. ते कोरीवकाम जागेसाठी, उंचीसाठी, पावसासाठी घडवलेलं होतं. आजचा विद्यार्थी स्टुडिओत काम संपवतो आणि मग त्याला जागा शोधतो. मांडणीला वेगळे मार्क असावेत असं मला मनापासून वाटतं.

शिल्पांचे चौथरे आज ठरवले. व्यक्तिशिल्पाचे डोळे १५० सेंटिमीटरच्या आसपास आणायचे. शिल्पाच्या तळापासून डोळे ३५ वर असतील तर चौथरा ११५ चा. १२ मिलिमीटर प्लाय, आत लाकडी सांगाडा आणि तळाशी वीस किलो वाळूची गोणी. ही गोणी टाळली की चौथरा बूड हलकं आणि डोकं जड होतो. धोका लहान मुलांचा वाटतो, पण खरा धोका पाठीवरच्या सॅकचा. माणूस फोटो काढायला वळतो आणि सॅक मागच्या शिल्पाला लागते. दोन चौथऱ्यांमध्ये सव्वा मीटर मोकळी जागा हवी. सिरॅमिकच्या भांड्यांना खाली मेणाचे वाटाण्याएवढे तीन गोळे.

टांगत्या कामांना तंगूस सगळ्यांना आवडतो, कारण तो दिसत नाही. पण साधी गाठ त्यावर सरकते आणि तो भाराखाली ताणत जातो. दोन किलोच्या वर सरळ स्टीलची बारीक वायर आणि दाबून बसवलेली नळी.

मंगळवार. तीन दिवस.

विणलेलं कापड आज टांगलं, खालची कड न शिवता. स्वतःच्या वजनाने ते एका रात्रीत उतरतं, कधी दोन बोटं, कधी जास्त. उद्या बघून मग कड दुमडायची. वरच्या बाजूला कापडाचीच नळी शिवून त्यात काठी, म्हणजे भार सगळ्या रुंदीवर वाटला जातो. पिना लावल्या की तिथे कापड ओढलं जाऊन लाटा येतात.

तांब्यापितळेच्या कामांना हातमोजे घालूनच हात लावायचा. घामाचा ठसा आज दिसत नाही, उद्घाटनाला काळा होऊन दिसतो.

बुधवार. दोन दिवस.

वीज. सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला कागदोपत्री १३८० वॉट मिळतात. हजाराच्या पुढे जाऊ नये, आणि एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नये. दीड गुणोत्तराच्या, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणाऱ्या, प्रोजेक्टरला दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर लागतं. हे आधी मोजलं नाही तर प्रोजेक्टर नेमका वाटेत येतो. व्हिडिओचा खरा कस वीज जाऊन आल्यावर लागतो. प्लेअर आपोआप सुरू होऊन पहिल्यापासून फिरायला हवा, म्हणून आज मुख्य बटण तीनदा बंद-चालू करून बघितलं. दोन उघडे आवाज एका दालनात एकमेकांना मारतात, त्यातल्या एकाला हेडफोन.

दिवे उभ्या रेषेपासून ३० अंशांवर. जास्त तिरके केले की काचेत चमक येते, फार उभे केले की फ्रेमची सावली चित्रावर पडते. एका भिंतीवर पिवळट आणि पांढरे दिवे मिसळू नयेत, शेजारचं पांढरं दुधाळ दिसायला लागतं.

गुरुवार. एक दिवस.

नामपट्ट्या. नाव, शीर्षक, माध्यम, उंची गुणिले रुंदी, वर्ष. ‘मिश्र माध्यम’ या शब्दाने काहीच कळत नाही. ‘कागदावर कोळसा, चहाचं पाणी आणि शिवणदोरा’ असं लिहिलं की बघणारा जवळ जाऊन दोरा शोधतो. पट्ट्या मराठीतही हव्यात. घरचे लोक येतात, आईवडील, गावाकडून आलेली आजी. त्यांना मुलाने नेमकं काय केलं ते वाचता आलं पाहिजे.

पुढचा शुक्रवार. उतरवणं.

उतरवायच्या आधी प्रत्येक कामाचा सपाट उजेडात, समोरून, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीला ठेवून फोटो. १८७२ पासून जे. जे. मधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. काम जाऊ शकतं, म्हणून फोटो हवा.

आधी सिरॅमिक, मग काच असलेली कामं, मग कॅनव्हास, शेवटी चौथरे. ॲक्रिलिक रंगातली दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवायची नाहीत, उकाड्यात ती एकमेकांना चिकटतात. मधे ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत न चिकटणारा, कागद. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर ताज्या तैलरंगावर गोल गोल ठसे उमटतात. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे, मागे मालकाचं नाव पेन्सिलीने. चौथऱ्यांतली वाळू गोण्यांसकट कोठीत, पुढच्या वर्षासाठी.