ग्लासगोत मला विचारलं, यवतमाळात बाबांना नाही

माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, आणि तरीही एका देशाने फुटून निघावं की नाही यावर मी मत दिलं आहे. १८ सप्टेंबर २०१४, ग्लासगो. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक स्कॉटलंडमध्ये रीतसर राहत होते, त्यांनाही त्या सार्वमतात मतदानाचा हक्क होता. म्हणून यवतमाळच्या मुलीच्या हातात ती मतपत्रिका आली. प्रश्न एका ओळीचा: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? मी 'हो'च्या चौकटीत फुली मारून मत दिलं.

मतदानाच्या आधी बाबांशी फोनवर बोलणं झालं होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि वेगळ्या विदर्भाच्या मोर्चांत त्यांचं तारुण्य गेलं. मला मत देता येणार हे कळल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परक्या मुलुखात तुले इचारतेत पोरी, अन् आमाले इथं हयातभर कोनी इचारलं नाही."

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. वेगळं राज्य मागणं आणि वेगळा देश मागणं एक नव्हे. बाबांनी कधी भारतापासून तुटायचं स्वप्नही पाहिलं नाही; १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाची सगळी तयारी तेच करायचे. पण माणसं 'आमचं आम्हाला पाहू द्या' असं का म्हणू लागतात, याची कारणं दोन्हीकडे मला इतकी सारखी दिसली की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे अनेकांना वाटतं, स्कॉटिश लोकांच्या मनात इंग्रजांविषयी जुनं वैर आहे, तलवारी आणि लढायांच्या काळापासूनचं. मी काम करते त्या दवाखान्यात २०१४ च्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा, पण लढायांचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही. लोक बोलायचे १९७९ बद्दल, पोल टॅक्सबद्दल, बंद पडलेल्या कारखान्यांबद्दल.

इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले १ मे १७०७ ला. (आपलं महाराष्ट्र राज्यही १ मेचंच.) त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षं ही जोडी बऱ्यापैकी टिकली, कारण साम्राज्य होतं आणि त्यात स्कॉटलंडचा भरपूर फायदा होता. क्लाइड नदीकाठी जहाजं बांधली जायची, डंडीच्या गिरण्यांत बंगालचा ताग विणला जायचा. आपल्या लुटीत त्यांचाही वाटा होता, हे मी इथल्या मैत्रिणींना स्पष्ट सांगते आणि त्या मान्य करतात. साम्राज्य गेलं, मग जहाजांचं काम गेलं, तागाच्या गिरण्या गेल्या. एकत्र राहून मिळत होतं ते मिळेनासं झालं, की एकत्र का राहायचं हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तरीही कारखाने बुडाले म्हणून कोणी देश मागत नाही. खरा सल मला वेगळा वाटतो: मत देऊनही काही बदलत नाही, हा अनुभव.

१९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, यावर सार्वमत झालं. ५१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले. पण लंडनच्या संसदेने आधीच अट घालून ठेवली होती की एकूण मतदारयादीच्या ४० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं पाहिजे. ते ३३ टक्क्यांच्या आसपास भरले. बहुमत मिळूनही विधानसभा मिळाली नाही. त्याच वर्षी मार्गारेट थॅचर निवडून आल्या, आणि पुढची अठरा वर्षं स्कॉटलंड प्रत्येक निवडणुकीत मजूर पक्षाला सर्वाधिक जागा देत राहिलं आणि राज्य हुजूर पक्षाचं राहिलं. पोल टॅक्स, म्हणजे श्रीमंत-गरीब न बघता माणशी आकारला जाणारा कर, स्कॉटलंडवर १९८९ मध्ये बसवला. इंग्लंडवर एक वर्ष उशिरा. मदरवेलचा रेव्हन्सक्रेग पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचे वडील तिथे होते. त्या म्हणायच्या, कारखाना कुठेही बंद पडू शकतो, पण ज्यांना आम्ही निवडलंच नाही त्यांनी तो बंद होऊ दिला.

आणि तेल. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर सरकारी अर्थतज्ज्ञ गॅव्हिन मॅक्रोन यांनी १९७४ मध्ये टिपण लिहिलं की स्वतंत्र स्कॉटलंडची तिजोरी या तेलाने ओसंडून वाहील. ते टिपण गोपनीय ठेवलं गेलं. लोकांसमोर आलं २००५ मध्ये. एकतीस वर्षांनी.

म्हणून काहींना वाटतं, सगळं तेलाच्या पैशासाठी चाललंय. निकाल तसं सांगत नाही. तेलाचं शहर ॲबरडीन, तिथे 'नाही' जिंकलं. एडिनबरातही 'नाही', चांगल्या फरकाने. बत्तीसपैकी फक्त चार भागांत 'हो' पुढे होतं: ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. शेवटच्या भागात ते मदरवेल येतं. ज्यांचं काम गेलं, त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. एकूण ४४.७ टक्के 'हो', ५५.३ टक्के 'नाही'. मतदान ८४.६ टक्के, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. माझी बाजू हरली. मला वाईट वाटलं, पण कुणी फसवलं असं वाटलं नाही.

मतदानाच्या दोन दिवस आधी तीन मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर वचन दिलं होतं की 'नाही' म्हणा, अधिकार वाढवून देतो. काही अधिकार मिळालेही. पण २०१६ मध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावर मत झालं, स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहू म्हणाले, आणि बाहेर पडावं लागलं. पुन्हा तोच सल. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद (१९७९ ला हुकलेली, पुढे मिळालेली) नवं सार्वमत घेऊ शकत नाही.

वचनं म्हटली की मला नागपूर करार आठवतो. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ ला झालेल्या या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या देण्याची हमी होती. नागपूरने राजधानी गमावली आणि हा कागद घेतला. पुढे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजला तेव्हा राज्याच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या घरात निघाला. हा अनुशेष भरून काढण्यासाठीची वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. बाबांच्या पिढीला मुंबई आवडत नव्हती असं नाही. दिलेला शब्द मोजून बघायची सोय नव्हती, याचा त्यांना राग होता.

भारतात असं विचारता येत नाही, असं मला बरेच जण सांगतात. पण आपण विचारलं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. गोव्यात विलीनीकरण हवं असलेलाच पक्ष सत्तेवर होता, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्याच्या सरकारने आधी राजीनामा दिला, आणि तो कौल मानला गेला.

यवतमाळला माझी मावशी बाबांच्या शेजारच्या गल्लीत राहते. तिला वेगळा विदर्भ अजिबात नको. मुंबईचा पैसा हातचा जाईल, आणि आपली मराठी माणसं दोन राज्यांत का विभागायची, असं ती म्हणते. या विषयावर दोघांचं एकदाही जमलेलं नाही. मला दोघांच्याही हातात मतपत्रिका हवी आहे, आणि बाबा हरले तरी चालेल.