न पाहिलेल्या जंगलाची तयारी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माउंटन बाइक ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे सायकलवरून नकाशा वाचत वाट शोधण्याच्या खेळाच्या, जागतिक मास्टर्स (प्रौढ वयोगटांच्या) स्पर्धेसाठी मी युरोपला जाणार हे कळल्यापासून मेलबर्नमधील मराठी मंडळी आणि पुण्याचे नातेवाईक एकच प्रश्न विचारत आहेत: ज्या जंगलात स्पर्धेपर्यंत पाऊल टाकायलाही बंदी आहे आणि ज्याचा नकाशा सुरुवातीच्या रेषेवरच हातात पडतो, त्याची तयारी करतेस तरी कशी?

या खेळात नकाशावर दाखवलेले कंट्रोल, म्हणजे जंगलात ठेवलेली तपासणीची ठिकाणे, ठरलेल्या क्रमाने गाठायचे असतात. दोन कंट्रोलांमधली वाट मात्र ज्याची त्याने निवडायची असते. या नकाशात प्रत्येक वाटेवर सायकल कितपत पळेल हे रेषेवरून कळते. अखंड रेषा म्हणजे वेगाची वाट, तुटक रेषांचे तुकडे आखूड होत गेले की वेग घटतो आणि नुसते ठिपके असतील तर बहुधा उतरून सायकल ढकलावी लागते. त्यामुळे अंतराने जवळची वाट वेळेने लांबची ठरते, विशेषतः तिच्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाटीने आलेल्या असतील, म्हणजे चढ तीव्र असेल तर.

हँडलबारवर गोल फिरणारा मॅपबोर्ड असतो आणि वळणागणिक तो बोटाने फिरवून नकाशा प्रवासाच्या दिशेला लावून घ्यायचा असतो. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. ताशी तीस किलोमीटर वेगाने ते बारा सेकंदांत संपतात. नकाशाकडे पाच सेकंद पाहिले, तर तेवढ्यात चाळीस मीटर वाट न बघताच मागे पडलेली असते आणि वळायचा फाटा त्या चाळीस मीटरांतच असू शकतो. म्हणून कुठे वाचायचे आणि कुठे वाचायचे नाही, हाच माझ्या सरावाचा गाभा आहे. रुंद, सपाट वाटेवर पुढचे तीन फाटे पाठ करायचे, झाडांच्या मुळांच्या आणि दगडांच्या अरुंद उतारावर डोळे चाकापुढेच ठेवायचे आणि कंट्रोल गाठण्यापूर्वीच तिथून बाहेर पडायची दिशा ठरवून टाकायची.

हे घरीही घोटता येते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो तेव्हा सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पायडल मारता येणाऱ्या स्टँडवर, चढवते, समोर जुन्या स्पर्धांचे नकाशे लावते आणि दम लागेपर्यंत पायडल मारल्यावर मगच पुढच्या टप्प्याची वाट निवडते, कारण निवांत खुर्चीत बसून योग्य वाट कोणालाही सापडते. नंतर त्याच टप्प्यावर अव्वल स्पर्धक कुठून गेले होते, हे त्यांच्या जीपीएस नोंदींवरून ताडून पाहते. पायांत ताकद लागतेच, आणि त्यासाठी चढाचे इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडा दम, असे फेरे) मी चुकवत नाही; पण माझ्या मते ती वेगासाठी लागते त्याहून अधिक डोके ठिकाणावर राहावे म्हणून लागते.

प्रत्यक्ष जंगलासाठी मी मेलबर्नच्या वायव्येकडील बॅलरॅट आणि क्रेसविक या गावांकडे जाते. सोन्याच्या शोधात एकोणिसाव्या शतकात उकरलेल्या या भागात जुने खड्डे, ढिगारे आणि वाटांचे जाळे इतके आहे की या खेळाची २००४ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बॅलरॅटला झाली याचे नवल वाटत नाही. इथली सुट्ट्या गारगोटीची जमीन युरोपातल्या ओल्या मुळांसारखी मुळीच नाही, हे खरे. पण फाट्यांच्या गर्दीत मोजून योग्य फाट्यालाच वळणे इथे उत्तम जमते, आणि चिखलाची उणीव जून-जुलैचा पाऊस बऱ्यापैकी भरून काढतो.

उरला सायकलचा भाग. स्पर्धेत सायकल टाकून पायी कंट्रोल गाठता येत नाही, बाहेरच्या कोणाची मदतही घेता येत नाही. मनगटावर घड्याळ चालते, पण त्यात नकाशा दिसता कामा नये. पंक्चर झाले तर हत्यारे माझ्याच पाठीवर असतात. म्हणून दर रविवारी थकून घरी आल्यावर, हातमोजे ओले असतानाच, मागच्या चाकाची ट्यूब बदलते आणि यजमान शेजारी घड्याळ लावून उभे राहतात. पुढचे चाक मी सरावातून केव्हाच वगळले आहे, कारण त्यात ना साखळी आडवी येते ना गियर.