सीवूड्स : भरतीच्या पातळीखालचे उपनगर

नवी मुंबईतल्या सीवूड्सची श्रीमंती पामबीच रस्त्यावरून जातानाच नजरेत भरते. उंच इमारती, खाडीच्या दिशेने उघडणाऱ्या गॅलऱ्या, रेल्वे स्थानकाच्या माथ्यावरच उभा राहिलेला मॉल. मात्र इतकी वर्षे इथे राहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, या उपनगराला मोल आले ते या इमारतींमुळे नव्हे, तर त्यांच्या आधी सार्वजनिक पैशातून झालेल्या आणि आज फारशा कोणाच्या लक्षात नसलेल्या कामांमुळे.

रेल्वेचेच पाहा. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ मध्ये खुला झाला, तरी १९९२ मध्ये हार्बर मार्ग मानखुर्दहून वाशीला पोहोचेपर्यंत मुंबईत नोकरी करणारा माणूस इकडे घर घ्यायला कचरत असे. या मार्गाचा ६७ टक्के खर्च नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने उचलला आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेने. आज सकाळी पनवेलहून आलेली लोकल सीवूड्सला थांबते तेव्हा खिडकीची जागा सोडाच, तिघांच्या बाकावर दाटीवाटीने बसायची चौथी सीटही मिळत नाही. म्हणून कित्येक जण आधी उलटे बेलापूरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. सीएसएमटीपर्यंतचा प्रवास तासाहून अधिक असल्याने हा वळसा कोणालाही जड वाटत नाही.

ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले ती आगरी-कोळी समाजाची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, भातशेती आणि मिठागरे गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली ती त्यानंतरच. करावे, दारावे, सारसोळे ही गावे आजही सेक्टरांच्या मधोमध नांदत आहेत, आणि टॉवरमधल्या मुलांना त्यांचा इतिहास शाळेत शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

सर्वांत विलक्षण काम मात्र धारण तलावांचे आहे. इथली बरीचशी जमीन मूळची खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदलीची जमीन, असून तिची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळीकडे भराव घालून ती उंच करणे परवडणारे नव्हते, म्हणून सिडकोने हॉलंडमधील पद्धतीच्या आधारे हे तलाव बांधले. नाल्यांचे पाणी आधी तलावात येते. तलावाच्या खाडीकडील तोंडाशी वरच्या कडेला बिजागरीने टांगलेली जड झडप असते. तिला इथे फ्लॅप गेट म्हणतात. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते आणि तेवढ्या वेळात पडणारा पाऊस तलावात साठत राहतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वरचढ होऊन ती उघडते आणि तलाव खाडीत रिता होतो. झडपेच्या या उघडझापीला वीज लागत नाही. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात सकाळी फेऱ्या मारणारे लोक ज्या पाण्याभोवती चालतात, तो असाच एक धारण तलाव आहे.

दुर्दैवाने या तलावांमध्ये वर्षानुवर्षे गाळ भरत गेला आणि गाळावर खारफुटी रुजली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ते असायलाच हवे; पण त्यामुळे गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दरम्यान तलावात पाणी मावेनासे होते, आणि उधाणाची भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत रस्त्यांवर पाणी चढते. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये पार्किंग आणि पुनर्विकास यांवर तासन्‌तास चर्चा होते, तलावांचा विषय क्वचितच निघतो. माझी सूचना अशी आहे की, आपल्या भागातील सर्व सोसायट्यांनी मिळून दरवर्षी मे महिन्यात महापालिकेकडे प्रत्येक तलावाची खोली मोजून जाहीर करण्याची मागणी करावी, आणि झडपांच्या तपासणीच्या वेळी आपला एक प्रतिनिधी तिथे हजर ठेवावा.