पंपिंग ६० टक्के, तरीही धाप

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर पर्वतीच्या १०३ पायऱ्या मला तीनदा बसत बसत चढाव्या लागल्या, तेव्हा मी दोष वयाला दिला. माझे वय ६४ आणि रक्तदाब २० वर्षांचा जुना. दिवाळीत मात्र सदाशिव पेठेतल्या घराचा दुसरा मजला चढतानाही धाप लागू लागली, आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. जवळच्या एका केंद्रात टू डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. अहवालात पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असे ठळक लिहिले होते, त्यामुळे घरच्यांचा जीव भांड्यात पडला. माझी धाप होती तशीच राहिली.

हृदयरोगतज्ज्ञांनी समजावले की, पंपिंगवरून हृदय दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तातले किती टक्के बाहेर टाकते ते कळते, पण रक्त आत घेताना ते किती सैल पडते ते कळत नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने डावा कप्पा ताठर झाला की तो भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि दम लागतो. हा दाब थेट मोजायचा तर नळी हृदयापर्यंत न्यावी लागते, हे ऐकून माझे हातपाय गार पडले. त्याआधी एकोवरच अंदाज घेऊ, असे म्हणून त्यांनी चिठ्ठीवर 'भरणदाब पाहावा' असे लिहून दिले.

पहिला एको दहा मिनिटांत उरकला होता, हा पाऊण तास चालला. डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर गार जेल लावून तपासणाऱ्या मुलीने दोन वेग मोजले: झडपेतून रक्त आत येण्याचा, आणि त्याच वेळी झडपेच्या कडेचा स्नायू सैल पडण्याचा. "काकू, श्वास पूर्ण सोडा आणि तसाच धरा," असे ती दर वेळी सांगे, कारण श्वासाबरोबर रेषा हलते. रक्ताचा वेग सेकंदाला ९० सेंटीमीटर निघाला. स्नायूचा एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ७, म्हणजे सरासरी ६. भागाकार १५, आणि १४ च्या वर गेला की दाब वाढल्याची शंका घ्यायची. एका आकड्यावर विसंबत नाहीत, हे मला फार पटले. डाव्या वरच्या कप्प्याचे आकारमान ३८ होते, मर्यादा ३४ ची. उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३ मीटर, मर्यादा २.८ ची. शेवटी पोटातली मोठी शीर दाखवून तिने मला नाकाने जोरात हुंगायला सांगितले. ती शीर निम्म्याने तरी मिटायला हवी होती, पण माझी जेमतेम हलली, म्हणजे तिथेही दाब वाढलेला.

त्या दिवशी धापेला कारण मिळाले, आणि नळी न घालता मिळाले. लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली, रक्तदाबाची बदलली, लोणचे आणि पापड ताटातून गेले. पहिल्या अहवालात यातला एकही आकडा नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. दोन महिने मी धाप मनाचीच आहे असे समजत होते.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच मशीनवर तपासले. हुंगताच ती शीर पडद्यावर मिटली, आणि भागाकार १२ वर आला. वरच्या कप्प्याचे आकारमान मात्र ३८ च राहिले. वर्षानुवर्षे ताणलेला कप्पा इतक्यात आवळत नाही, असे डॉक्टर म्हणाले.