दहा गुंठे गवत

एप्रिल उजाडला की आमच्या मध्य न्यूजर्सीत घरोघरच्या ड्राइव्हवेवर छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या येऊन पडतात. आत वाऱ्यानं उडू नये म्हणून मूठभर खडी आणि एक पत्रक: गवत कापून मिळेल, खत, तणनाशक, किडीचा बंदोबस्त, वर्षाचं पॅकेज, आज सही केलीत तर पहिली फवारणी फुकट. शनिवारी टॅब्लेट घेतलेली चुणचुणीत मुलं दार वाजवतात ती वेगळीच. नवीन घर घेतलेले आपले लोक मग फोन करतात, "लॉनला कोणाला लावलंय गं तुम्ही?" दरवेळी तेच सांगते, म्हणून आता लिहूनच टाकते.

आमचा प्लॉट पाव एकराचा. आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भाषेत दहा गुंठे. आबा वाळवा तालुक्यातले ऊसवाले. इथं मुक्कामाला आले तेव्हा एवढ्या जागेत नुसतं गवत, तेही कापून टाकायला, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. पण रान म्हटलं की त्यांना राहवतही नाही. सकाळी चहा झाला की हात मागं बांधून फेरी सुरू.

असाच एक टॅब्लेटवाला आला होता. पन्हाळीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात पोपटी, भराभर वाढणारे पुंजके दिसत होते. त्यानं लांबूनच बोट दाखवलं: क्रॅबग्रास (लॉनमध्ये माजणारं गवती तण), सहा फवाऱ्यांचं पॅकेज घ्या. आबांनी एक काडी उपटली, चिमटीत फिरवली आणि मला म्हणाले, "तीन धारी हाय. लव्हाळा हाय गं हा. ह्यो उपटून जायचा न्हाई, खाली गाठी ऱ्हात्यात." आणि खरंच, इथं ज्याला यलो नटसेज म्हणतात तो आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊ. ते गवतच नव्हे, त्यामुळं क्रॅबग्रासची नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याला लागते ओल. आम्ही पन्हाळीला पाईप जोडून पाणी लांब सोडलं, आणि उरलेल्यासाठी त्याचं वेगळं औषध जूनमध्ये मारलं. पॅकेज घेतलं नाही.

त्याच पत्रकात आणखी एक गंमत होती. एप्रिलमध्ये क्रॅबग्रास उगवूच नये म्हणून औषध, आणि त्याच महिन्यात नवीन बी पेरून देणार. ते औषध उगवणाऱ्या बियांवरच काम करतं. तण आणि पेरलेलं गवत यात ते सहसा भेद करत नाही. दोन्हीचे पैसे घ्यायचे आणि एकानं दुसऱ्याला मारायचं! ते औषध टाकायचंच असेल तर फोर्सिथिया या वसंतात फुलणाऱ्या झुडपाच्या पिवळ्या फुलांवर नजर ठेवा, ती गळायच्या आत टाका. पेरणी मात्र सप्टेंबरची.

कोणालाही लावण्याआधी माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, प्रत्येक काउंटीत त्यांचं विस्तार कार्यालय आहे. आमचा पी-एच ५.४ आला, म्हणजे माती आंबट, चुना हवा. फॉस्फरस भरपूर. हे कळल्यावर खताची निम्मी जाहिरात आपोआप निकालात निघते. २०११च्या राज्य कायद्यानुसार माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवीन लॉन लावत असल्याशिवाय फॉस्फरसचं खत टाकता येत नाही, कारण ते पावसाबरोबर तळ्याखाडीत जातं आणि तिथं शेवाळ माजतं. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकानं खत टाकायलाच बंदी आहे. १०:२६:२६ ची पोती वाहण्यात आयुष्य गेलेल्या आबांनी दुकानातल्या पिशवीवर मधला, म्हणजे फॉस्फरसचा आकडा शून्य बघितला आणि आधी त्यांना ती फसवणूकच वाटली.

आता माणूस लावण्याचं. मी कापणीला माणूस लावते, खताऔषधाचा निर्णय स्वतःकडे ठेवते. आमच्याकडे येतो तो ग्वाटेमालाचा, दोन पोरं आणि एक ट्रक. मोठ्या कंपनीत दरवेळी नवा चेहरा येतो आणि फाटकाजवळच्या ट्युलिपवरून मशीन जातं. याला एकदा दाखवलेलं लक्षात राहतं. विमा आहे का, त्याचा कागद मागा. चांगला माणूस रागावत नाही. खत टाकणारा असेल तर प्रमाणपत्र आणि तणनाशक मारणारा असेल तर राज्याचा परवाना हवाच.

उंचीवर मात्र वाद घालावा लागतो. ही मंडळी आदल्या घरचंच सेटिंग ठेवून आपल्याकडे येतात. तीन ते साडेतीन इंच उंची ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, असं स्पष्ट सांगायचं. बुटकं कापलं की जमिनीवर ऊन पडतं आणि तणाचं फावतं. कापलेलं तिथंच बारीक पडू द्या, तेच खत. जुलैत इथलं गवत झोपतं, तपकिरी होतं. ते मेलेलं नसतं, तेव्हा दर आठवड्याला कापायचं कारण नाही. "वाढलं तर ये" एवढं आमचं ठरलंय.

ऑगस्ट संपता संपता मागच्या बाजूला एक तुकडा गालिच्यासारखा उचलून हातात आला. रात्री स्कंक (इथला मांजराएवढा, घाण वास सोडणारा प्राणी) अळ्यांसाठी उकरून जात होते. आबांनी खुरप्यानं माती हलवली आणि पांढरी, वाकडी अळी हातावर घेतली. "हुमणी! ही इथंबी पोचली व्हय?" उसाच्या मुळ्या खाणारी ती हुमणी वेगळी, इथली जपानी भुंगेऱ्याची, पण घराणं एकच. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आमच्याच राज्यात, रिव्हर्टनला, १९१६ साली. आबा सांगत होते, गावाकडं वळवाचा पाऊस झाला की रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवायचे. इथं मात्र सगळ्यांना सरसकट प्रतिबंधक औषध विकतात. त्याआधी फूटभर चौकोन उकरून अळ्या मोजा. दहाच्या आत असतील तर निरोगी गवत ते सोसतं. आमच्या त्या एका तुकड्यात जास्त होत्या, तेवढ्यावरच औषध टाकलं.

एकाच कामाला मी हात आखडत नाही: सप्टेंबरमधलं एरेशन. मशीन जमिनीतून मातीच्या गोळ्या उपसून वर टाकतं. पहिल्यांदा ते बघून आबा म्हणाले, "शेरडं बसवली हुती काय रातभर?" त्या भोकांत टॉल फेस्क्यू या लॉनच्या गवताचं बी पडतं, पाणी मुरतं, थंडीआधी मुळं धरतात. गोळ्या पावसात आपोआप विरघळतात, झाडून काढायच्या नाहीत. एरेशनला माणूस जुलैतच सांगून ठेवा. लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर फोन केलात तर चांगले लोक ऑक्टोबरची तारीख देतात, आणि तोवर पेरायला उशीर झालेला असतो.